खाजण सरोवराच्या तळातले जीव: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खान्देशातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. भुसावळहून पुरीकडे जाणाऱ्या गाडीने आमची काही मुलं हिवाळ्यात चिलिका सरोवर पाहून येतात आणि आल्या आल्या प्रश्नांचा मारा सुरू होतो. काही प्रश्न शिक्षकांचे असतात, काही तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर जाळी टाकणाऱ्या भोई बांधवांचे, काही चक्क शेतकऱ्यांचे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खाजण सरोवर म्हणजे नेमकं काय? खाडी आणि ते एकच ना?

नाही. लाटा आणि प्रवाह किनाऱ्याला समांतर असा वाळूचा दांडा रचतात, त्याच्या आड उथळ पाणी अडकतं आणि एखाद्या अरुंद मुखातून ते समुद्राशी जोडलेलं राहतं. हे खाजण सरोवर, म्हणजे लगून. खाडी म्हणजे नदीच्या मुखातून आत शिरलेला समुद्र. तिचं तोंड मोकळं असतं आणि भरती-ओहोटी थेट आतपर्यंत पोचते.

शब्दाचा थोडा घोळ आहे. कोकणात आणि गोव्यात खाजण म्हटलं की खाडीकाठची खारी जमीन डोळ्यांपुढे येते. भूगोलाच्या पुस्तकात मात्र तोच शब्द लगूनसाठी येतो. इथे पुस्तकातला अर्थ धरा. ओडिशातलं चिलिका, आंध्र-तमिळनाडूच्या सीमेवरचं पुलिकत, केरळातली वेंबनाड आणि अष्टमुडी ही आपल्याकडची मोठी उदाहरणं. चिलिका पावसाळ्यात सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर पसरतं आणि उन्हाळ्यात सुमारे ९०६ पर्यंत आकसतं. एवढा पसारा, पण बहुतेक ठिकाणी पाणी माणसाच्या उंचीच्या आसपासच. त्यामुळे वारा सुटला की तळ ढवळतो. तळातल्या जीवांचं आयुष्य समजून घ्यायला ही एक गोष्ट फार उपयोगी पडते.

२. तळजीव कोणाला म्हणायचं? मासे धरायचे का?

पाण्याच्या तळावर, तळाच्या गाळात किंवा तळाच्या दगड-शेवाळाला धरून राहणारे जीव म्हणजे तळजीव. पुस्तकात ‘नितलस्थ’ असा शब्द सापडेल. या पानावर फक्त पाठीचा कणा नसलेले प्राणी घेतले आहेत, म्हणून मासे नाहीत.

त्यांची विभागणी चाळणीवर होते. ०.५ मिलिमीटरच्या चाळणीवर जे अडकतात ते मोठे तळजीव: कृमी, शिंपले, गोगलगाई, छोटे खेकडे, अळ्या. त्यातून गळून ६३ मायक्रॉनच्या (०.०६३ मिलिमीटर) चाळणीवर राहतात ते मधले, म्हणजे मुख्यतः सूत्रकृमी आणि बारीक कवचधारी. त्याहून लहान ते सूक्ष्म. काही जण वरची मर्यादा १ मिलिमीटर धरतात. म्हणून कुठलाही आकडा वाचताना आधी चाळणी विचारा.

३. आपले समुद्र नही, मंग हाई कसाले शिकानं?

साक्रीकडून आलेला हा प्रश्न जसा आला तसाच ठेवला आहे, कारण तो रास्त आहे.

पहिलं उत्तर तापीचं. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत ती समुद्राला मिळते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, अनेर, गोमाई या सगळ्या आपल्या नद्या तिच्यातच जातात. खंभातच्या आखाताच्या तळावर जो गाळ बसतो त्यात आपल्या शेतांची माती आहे, आणि जो बसत नाही तो हतनूर आणि उकाईच्या भिंतींमागे अडकला आहे. समुद्र आपल्याला दिसत नाही एवढंच.

दुसरं उत्तर पद्धतीचं. गाळ उचलणं, चाळणं, मोजणं आणि त्यातून पाण्याचा हालहवाल वाचणं हे हतनूरला शिकलेलं चिलिकाला जसंच्या तसं लागू पडतं. फक्त निष्कर्ष तसेच लागू पडत नाहीत. ते का, हे ६ आणि १३ मध्ये आहे. माझ्या मते या सगळ्या पानातलं तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

४. मग तापीच्या मुखाशी खाजण सरोवर का झालं नाही?

भरती-ओहोटीमुळे. वाळूचा दांडा टिकायला भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत फार फरक नसावा लागतो. खंभातच्या आखातात हा फरक देशात सर्वांत मोठा आहे, भावनगरकडे तर तो १० मीटरच्या आसपास जातो. इतक्या जोराने आत-बाहेर होणारं पाणी दांडा जमूच देत नाही. पूर्व किनाऱ्यावर भरती माफक असते आणि किनाऱ्यालगत सरकणारी वाळू भरपूर, म्हणून चिलिका आणि पुलिकत तिकडे आहेत.

५. गाळात सापडतं तरी काय काय?

खाऱ्या-मचूळ गाळात सर्वांत जास्त भेटतात ते पॉलिकीट कृमी. गांडुळाचे भाऊबंदच, पण अंगाच्या दोन्ही बाजूंना केसांच्या झुपक्यांसारखे पाय. काही शिकारी असतात, काही गाळ गिळून त्यातलं सेंद्रिय द्रव्य पचवतात, काही नळी बांधून तिच्यात बसतात आणि फक्त शुंडके बाहेर काढतात. मग शिंपले आणि गोगलगाई. मग कवचधारी: बाजूने चपटे अ‍ॅम्फिपॉड, वरून चपटे आयसोपॉड, खेकडे, कोळंबी. मुखाजवळ जिथे पाणी जवळपास समुद्राइतकं खारं असतं तिथे तारामाशाच्या कुळातलेही येतात. आत गोड्या पाण्याच्या बाजूला मात्र ते सापडत नाहीत. तिथे कीटकांच्या अळ्या आणि ट्युबिफेक्ससारखे कृमी येतात.

हतनूर किंवा गिरणेच्या गाळाशी ताडून पाहा. तिथे लॅमेलिडेन्स हे मोठे शिंपले, अंडी न घालता थेट पिल्लं देणारी बेल्लामिया गोगलगाय, चतुराची पिल्लं, कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या आणि ट्युबिफेक्स मिळतील. पॉलिकीट गोड्या पाण्यात फार क्वचित. दोन्हीकडे भेटणारा एक जीव आहे: मेलॅनॉइडिस ट्युबर्क्युलाटा, लांबट आणि पीळदार शंखाची गोगलगाय. ती गोड्या पाण्यातली असूनही मचूळ पाणी सहज सोसते. मुलांना चिलिकाच्या काठावर ती ओळखीची भेटली की फार आनंद होतो, मला दर वेळी त्यांच्याइतकाच होतो.

६. सगळे क्षारतेवर एवढा भर का देतात?

क्षारता म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण. कोणता जीव कुठे राहणार हे तीच आधी ठरवते, बाकीच्या गोष्टी नंतर.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. खाजण सरोवरात या दोन टोकांमधलं काहीही असू शकतं, आणि ते महिन्यागणिक बदलतं. चिलिकाच्या उत्तरेला दया, भार्गवी या महानदीच्या शाखा पाणी आणतात, तिथे पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडं होतं. त्याच वेळी मुखाकडच्या वाहिनीत ते खारं असू शकतं. उलट बाजूही आहे: मुख बुजलं आणि ऊन तापलं की पाणी आटून समुद्रापेक्षाही खारं होतं. पुलिकतच्या काही भागांत उन्हाळ्यात तसं घडतं.

समुद्री प्राण्याच्या अंगातलं मीठ आणि बाहेरचं मीठ जवळपास सारखं असतं. बाहेरचं पाणी गोडं झालं की पाणी अंगात शिरू लागतं, ते सतत उपसायला ऊर्जा लागते. ज्याला हे जमत नाही तो मरतो किंवा मुखाकडे सरकतो. गोड्या पाण्यातल्या प्राण्याची अडचण याच्या उलट. मधल्या पाण्यात दोन्हीकडचे थोडेच तग धरतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आडोल्फ रेमाने यांनी १९३४ साली बाल्टिक समुद्राच्या अभ्यासातून दाखवलं की क्षारता किलोला ५ ते ८ ग्रॅमच्या दरम्यान असते तिथे प्रजाती सर्वांत कमी असतात. आपल्याकडच्या पावसाळी सरोवरांत क्षारता एका जागी थांबतच नाही, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण मुद्दा पक्का आहे: मचूळ पाण्यात प्रजाती कमी असणं हा त्या जागेचा स्वभाव आहे, तो तिचा आजार नव्हे.

७. चिलिकाचा काळा गाळ सडक्या अंड्यासारखा वास मारत होता. हतनूरच्या गाळाला तसा वास नाही, नुसते बुडबुडे येतात. असं का?

हा प्रश्न एका मुलीने गाळात हात घातल्या घातल्या विचारला होता. चांगला प्रश्न आहे.

गाळात वरचे काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर प्राणवायू असतो, तिथला रंग फिका तपकिरी. खाली तो संपतो. तरी पाला-पाचोळा कुजवणारे जिवाणू थांबत नाहीत, ते प्राणवायूऐवजी दुसरं काही वापरतात. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, म्हणून खाऱ्या गाळातले जिवाणू ते वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वास त्याचा. तो लोहाशी मिळून काळं लोह सल्फाइड होतं, रंग त्याचा. हतनूरच्या गोड्या पाण्यात सल्फेट थोडंच, ते लवकर संपतं आणि मग मिथेन तयार करणाऱ्यांचं राज्य सुरू होतं. मिथेनला वास नाही, तो बुडबुड्यांनी वर येतो.

काळा थर दिसला म्हणजे जागा प्रदूषित, असं लगेच म्हणू नका. खोलवर काळा थर असणारच. तो किती वर आला आहे ते मोजपट्टी लावून पाहा. कृमी बिळं खणतात आणि त्यातून पाणी खेळवतात, त्यामुळे प्राणवायू खाली पोचतो आणि काळा थर खाली ढकलला जातो. बिळांभोवती तपकिरी कडी दिसली तर तिथे कामकरी मंडळी जिवंत आहेत.

८. पाण्यात प्राणवायू किती असला म्हणजे ठीक?

तळाशी लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर बहुतेक प्राण्यांना धोका. पण आधी हे लक्षात घ्या की गरम आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५, आणि ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.२. दुपारी पृष्ठभागावरचं पाणी तपासून ‘प्राणवायू उत्तम’ असं लिहिणारे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. तळजीव पहाटे तळाशी श्वास घेतात. नमुना तिथला आणि त्या वेळचा हवा.

९. सेंद्रिय कर्ब आमच्या माती परीक्षण केंद्रात काढून मिळेल का?

हतनूरच्या गाळाचा मिळेल. जमीन आरोग्य पत्रिकेवर जो सेंद्रिय कर्ब असतो तो बहुधा वॉक्ली-ब्लॅक पद्धतीने, म्हणजे डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून काढलेला असतो. तळाच्या गाळालाही हीच पद्धत वापरतात.

खाजण सरोवराच्या गाळाला मात्र तशीच वापरली तर चुकाल. मिठातलं क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यासाठी आम्लात सिल्व्हर सल्फेट घालतात किंवा गाळ आधी धुऊन मीठ काढतात. केंद्रात नमुना देताना तो खारा आहे हे तोंडाने सांगा आणि पिशवीवरही लिहा.

कणांच्या आकाराचीही अशीच एक गफलत होते. स्थापत्य विभागाच्या चाळण्यांच्या संचात साधारण ६००, ४२५, ३००, १५० आणि ७५ मायक्रॉन असतात. समुद्रविज्ञानात वाळू आणि चिखलाची सीमा ६३ मायक्रॉन धरतात. ७५ वर चाळून ‘चिखल इतके टक्के’ म्हणालात तर दुसऱ्याच्या ६३ च्या आकड्याशी तुलना होत नाही. तळजीवांसाठीही त्या संचात ५०० नसते. ४२५ वापरा, पण तसं नोंदवा.

१०. ग्रॅब नाही. नमुना कसा घ्यावा?

ग्रॅब म्हणजे तळाचा घास उचलणारा लोखंडी जबडा. मऊ गाळाला एकमन ग्रॅब चालतो, वाळू मिसळलेल्या तळाला व्हॅन वीन बरा. ग्रॅबच नसेल आणि पाणी मांडीइतकं असेल तर १० सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप १५ सेंटिमीटर खोल दाबा, वरचं तोंड बुचाने बंद करा आणि उचला. उथळ पाण्यात हे साधन ग्रॅबपेक्षा चांगलं काम करतं असा माझा अनुभव आहे, कारण खोलवरच्या बिळांतले कृमीही मिळतात.

एका जागी किमान तीन नमुने घ्या आणि ते एकत्र करू नका. गाळातले जीव पुंजक्यांनी राहतात. एका घासात ४० आणि हातभर अंतरावर ३, असं सहज होतं. तीन वेगळे आकडे असले की हा फरक दिसतो, एकत्र केले की तो हरवतो.

११. चौरस मीटरला किती, हा हिशोब कसा करायचा?

मोजलेले जीव भागिले साधनाचं क्षेत्रफळ. १५ बाय १५ सेंटिमीटरच्या एकमनचं क्षेत्रफळ ०.०२२५ चौरस मीटर. त्यात २७ जीव आले तर चौरस मीटरला १,२००. ग्रॅब अर्धाच भरला असेल किंवा दगड अडकून जबडा उघडा राहिला असेल तर तो नमुना सोडून द्या.

१२. फॉर्मॅलिन ४ टक्के की १० टक्के? पुस्तकात दोन्ही दिलं आहे.

बहुतेक वेळा दोन्ही एकच असतं. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असतं. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग घेतलं की ते १० टक्के फॉर्मॅलिन झालं, आणि त्यात फॉर्मल्डिहाइड सुमारे ४ टक्के. खाऱ्या नमुन्याला सरोवराचंच पाणी वापरा. चिमूटभर बोरॅक्स घाला, नाहीतर आम्लता वाढून बारीक शिंपल्यांची कवचं विरघळतात आणि महिन्याभराने बाटलीत नुसते लिबलिबीत तुकडे उरतात. ‘रोज बेंगॉल’ या रंगद्रव्याचे काही थेंब घातले की प्राणी गुलाबी होतात आणि निवडायला सोपे जातात. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा.

फॉर्मॅलिन घातक आहे. बंद खोलीत, हातमोजे न घालता, लहान मुलांच्या हाती हे काम देऊ नका. शाळेसाठी १८ पाहा.

१३. शॅनन निर्देशांक १ च्या खाली आला. म्हणजे सरोवर प्रदूषित, असं प्रकल्पात लिहू का?

कृपा करून लिहू नका. सर्वांत जास्त वेळा आलेला आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न हाच.

निर्देशांक काय सांगतो ते आधी पाहू. शंभर जीव, चार प्रजाती, प्रत्येकी २५: नैसर्गिक लॉगने १.३९ येतो. शंभर जीव, चारच प्रजाती, पण एकीचे ९७ आणि बाकी तिघींचे एकेक: तो ०.१७ वर उतरतो. म्हणजे प्रजाती किती आणि वाटणी किती समान, या दोन्हींचा तो मिळून एक आकडा आहे. त्यात पाण्याची गुणवत्ता कुठेच मोजलेली नाही.

‘३ च्या वर स्वच्छ, १ ते ३ मध्यम, १ च्या खाली अतिप्रदूषित’ ही जी पट्टी प्रकल्पांमधून फिरते ती १९६८ साली विल्म आणि डॉरिस यांनी गोड्या पाण्याच्या प्रवाहांसाठी सुचवली होती, आणि ती २ हा पाया धरलेल्या लॉगवर आहे. आपल्या संगणकातली सूत्रं बहुधा नैसर्गिक लॉग वापरतात. वरच्या पहिल्या उदाहरणात २ हा पाया धरला तर बरोबर २ येतात. म्हणजे पाया बदलला की तीच जागा एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाऊ शकते, गाळातला एकही किडा हलला नसताना.

लॉग जुळवला तरी मूळ अडचण राहतेच. खाजण सरोवरात क्षारता रोज हलते, गाळ सेंद्रिय द्रव्याने भरलेला असतो, प्राणवायू वर-खाली होतो, आणि हे सगळं माणसाने काही न करताही होतं. तिथे टिकणारे जीव थोडे, चिवट आणि संख्येने पुष्कळ. सांडपाण्याने बिघडलेल्या जागीही नेमकं असंच चित्र दिसतं. दोन्हींतला फरक एका आकड्याने कळत नाही.

मग काय करायचं? तुलना सारख्याशी करायची. ज्या जागेवर शंका आहे तिच्याइतकीच क्षारता, तसाच गाळ आणि तेवढीच खोली असलेली, पण सांडपाण्यापासून दूर असलेली जागा शोधा. त्याच दिवशी दोन्हीकडचे नमुने घ्या. तिथे १.२ आणि इथे ०.४ असेल तर बोलायला जागा आहे. दोन्हीकडे ०.८ असेल तर ते सरोवर तसंच आहे. प्रकल्पाच्या शेवटी ‘क्षारता अमुक असताना’ हे शब्द नसतील तर निष्कर्ष अपुरा आहे, मग आकडा कितीही देखणा असो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांबद्दलही विचारणा होते. ते गोड्या पाण्यासाठी आहेत. तापी-गिरणेवर वापरा, मचूळ पाण्यावर नको.

१४. लाल अळ्या सापडल्या. हे तरी प्रदूषणाचंच लक्षण ना?

त्या कायरोनोमस माशीच्या अळ्या. लाल रंग हिमोग्लोबिनचा, आणि त्यामुळेच त्या कमी प्राणवायूत तग धरतात. खाऱ्या गाळात तशीच ख्याती कॅपिटेला या कृमीची आहे. पण दोन-चार अळ्या कुठेही सापडतात. त्या हजारोंनी असतील आणि त्यांच्यासोबत दुसरं कोणीच नसेल, तेव्हा कान टवकारावे.

सांडपाण्याच्या तोंडापासून दूर दूर जात नमुने घेतले तर एक क्रम दिसतो. तो पिअर्सन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ साली मांडला: तोंडाशी काहीच नाही, मग एक-दोन जातींचे बारीक कृमी अफाट संख्येने, मग जाती वाढत जातात, आणि अगदी स्वच्छ जागेच्या अलीकडे त्या काही वेळा स्वच्छ जागेपेक्षाही जास्त भरतात, कारण थोडं खत तिथेही मानवतं. आपल्या शेतकऱ्यांना हे सांगावं लागत नाही. म्हणून एका जागेचा नमुना घेऊन थांबू नका, रेघ आखून पाच-सहा जागा घ्या.

१५. चिलिकाचं नवं मुख उघडल्यावर तळजीव वाढले की कमी झाले?

‘किती’पेक्षा ‘कोण’ असं विचारलं तर उत्तर नीट मिळतं. वाळू सरकत राहिल्याने जुनं मुख दूर गेलं आणि उथळ झालं, पाणी गोडं होत चाललं, गोड्या पाण्यातली वनस्पती पसरली. १९८१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, असलेलं चिलिका १९९३ साली धोक्यातल्या पाणथळींच्या माँट्रो नोंदीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख उघडलं, क्षारता वाढली, मासे, कोळंबी आणि खेकड्यांचं उत्पन्न सावरलं, २००२ साली ते त्या नोंदीतून बाहेर आलं. असं मुख उघडल्यावर समुद्री प्रजातींना आत सरकायला वाट मिळते आणि गोड्या पाण्यातल्या गोगलगाई व अळ्या नद्यांच्या तोंडाकडे मागे हटतात. एकूण बेरीज तेवढीच राहिली तरी पंगतीला बसलेली माणसं बदललेली असतात.

उलट उदाहरण वेंबनाडचं. कुट्टनाडच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कम इथे बंधारा घातला, तो १९७० च्या दशकात पुरा झाला. कोरड्या महिन्यांत दारं बंद असतात आणि दक्षिणेकडचं पाणी गोडं राहतं. तिथल्या काळ्या शिंपल्याला प्रजननासाठी थोडं खारं पाणी लागतं, त्याची पंचाईत होते. नुसती क्षारता बदलली तरी जीव अडचणीत येतो तो असा.

चिलिकाची जुनी पाहणीही आहे, हे आपलं भाग्य. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल आणि स्टॅन्ली केम्प यांनी शतकापूर्वी तिथल्या जीवांची तपशीलवार नोंद केली. आज कुणी काय हरवलं असं म्हणतो ते तिच्याशी ताडून म्हणता येतं. तापीच्या तळाची अशी जुनी वही आपल्याकडे असती तर, असं मला अनेकदा वाटतं.

१६. रिकामे शंख-शिंपले मोजायचे का?

घनता काढताना नाही. आत मांस आहे की नाही ते पाहा, १२ मधल्या गुलाबी रंगाने लगेच कळतं. पण फेकूही नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. रिकाम्या कवचांत समुद्री जाती पुष्कळ आणि जिवंतांत एकही नाही, असं दिसलं तर तिथलं पाणी पूर्वी जास्त खारं असावं किंवा लाटांनी कवचं आत आणली असावीत. यांपैकी काय झालं ते कवचं झिजलेली आहेत की कोरीकरकरीत, यावरून थोडंफार ठरवता येतं.

१७. उन्हाळ्यात धरणाचा गाळ काढून शेतात टाकतात. त्याने तळजीव मरतात का?

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे हा प्रश्न दर एप्रिल-मेमध्ये येतो. त्या थरातले मरतात, हे खरं. पण पाणी हटून भेगाळलेल्या गाळात तसेही थोडेच उरलेले असतात. काही गोगलगाई तोंड मिटून पडून राहतात, शिंपले ओलाव्याच्या मागे खाली जातात. आपल्या तलावातले जीव दरवर्षीच्या आटण्याला सरावलेले आहेत, आणि शेताला गाळ हवाच आहे. माझं सांगणं एवढंच: कोरडा भाग खणा, शेवटचं डबकं आणि त्याभोवतीचा ओला पट्टा सोडा. पाऊस पडल्यावर सगळा तलाव तिथूनच पुन्हा भरतो. मोठ्या शिंपल्यांची पिल्लं काही दिवस माशांच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटून वाढतात, म्हणून त्या डबक्यात मासेही राहायला हवेत.

खाजण सरोवरातला उपसा वेगळा. तिथला तळ सहसा कोरडा पडत नाही, त्यामुळे यंत्राने खरवडलेल्या जागी जीव परतायला महिने किंवा वर्षं लागू शकतात.

१८. शाळेतल्या मुलांना घेऊन कुठून सुरुवात करावी? परवानगी लागते का?

चिलिकातलं नलबन हे अभयारण्य आहे, तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. हॉर्सशू खेकडा, समुद्रकाकडी आणि काही शंख वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, ते मेलेले दिसले तरी पिशवीत घालू नका. इथे धरणाच्या पाण्यात उतरण्याआधी पाटबंधारे विभागाला विचारा आणि भोई बांधवांपैकी कुणाला तरी सोबत घ्या. कुठे पाय रुततो ते त्यांना ठाऊक असतं. चांगदेवच्या संगमाजवळ वरून वाळलेला दिसणारा गाळ खाली कमरेइतका मऊ असू शकतो.

मुलांसाठी फॉर्मॅलिन नको, ग्रॅब नको. गावच्या बंधाऱ्याच्या काठावर, घोट्याएवढ्या पाण्यात, एक घमेलं, एक चाळण, पांढरा ट्रे आणि भिंग पुरे. दहा मिनिटं चाळा, ट्रेमध्ये पाणी घालून जीव सोडा, प्रत्येक प्रकाराचं चित्र काढा, मोजा आणि त्याच जागी परत सोडा. प्रजातीचं नाव येत नसेल तर ‘चतुराचं पिल्लू’, ‘लांब शंखाची गोगलगाय’ एवढं लिहिलं तरी चालतं. वर्षातून तीनदा जा: पावसाळ्याआधी मेमध्ये, पाणी निवळल्यावर ऑक्टोबरमध्ये, आणि जानेवारीत. पुराच्या दिवसांत नको, तेव्हा तळ वाहून गेलेला असतो आणि मुलांनाही धोका. वहीत तारीख, पाण्याचं तापमान, गाळाचा रंग आणि काळा थर किती खोल ते लिहा, आणि वही पुढच्या वर्गाच्या हवाली करा.